पाठीवरची छत्री

लष्कराच्या त्या विमानतळावर माणसं दोनच प्रकारची होती. एक वर जाणारी आणि दुसरी खाली राहणारी. खालच्यांनी वरच्यांना नाव ठेवलं होतं पाखरं, आणि वरच्यांनी खालच्यांना गांडुळं. नावं अशी अंगाला चिकटली होती की एका पाखराच्या बायकोला म्हणे दवाखान्यात विचारलं, नवरा काय करतो, तर ती म्हणाली, पाखरू आहे. आणि तिथल्या बाईनं ते निमूट लिहूनही घेतलं. खरंखोटं त्या दोघींना माहीत.

चहाच्या खोलीत दोन बाकं होती. खिडकीकडचं पाखरांचं, भिंतीकडचं गांडुळांचं. मधे काळा फळा. पाखरांनी माती खाल्ली की गांडुळांच्या नावावर एक रेघ, गांडुळांनी खाल्ली की पाखरांच्या. विमानात नकाशा बघून वाट सांगणारा एक गडी होता, त्याला सगळे नकाशेबुवा म्हणत. त्यानं एकदा ढगात अशी काही वाट सांगितली की दोन तास उडून मंडळी निघाली तिथंच परत उतरली. आणि हा शहाणा खाली उतरून पान्हेमामांनाच विचारतोय, "काय हो, हे कुठलं गाव?" पान्हेमामा म्हणजे इंजिनांचे मुख्य मिस्त्री. त्यांनी टोपी काढली, कमरेत वाकले आणि म्हणाले, "या पाहुणे, दमला असाल. तुमची सायकल तुम्ही सकाळी इथंच लावून गेलात." त्या दिवशी फळ्यावर एकदम पाच रेघा पडल्या आणि खडू संपला.

या सगळ्या गांडुळांत एक होती घडीबाई.

घडीबाईचं काम होतं छत्र्यांचं. पावसाच्या नव्हे, हवाई छत्र्यांचं. विमानाला काही झालं तर जी पाठीवर घेऊन उडी मारायची, ती छत्री. दर चार महिन्यांनी प्रत्येक छत्री उघडायची, उंच खोलीत छताला टांगून वाऱ्याला लावायची, बोटानं चाचपत एकेक शिवण बघायची, आणि लांबलचक टेबलावर पसरून पुन्हा घडी घालायची. टेबल एवढं लांब होतं की या टोकाला शिंकलं तर त्या टोकाचा माणूस जरा वेळानं दचकायचा. कापड एवढं की अख्ख्या घराला गुंडाळलं तरी वर नातेवाइकांना उरावं. ते सगळं चापूनचोपून उशीएवढ्या पिशवीत बसवायचं. आणि असं बसवायचं की पट्ट्यावरची मूठ ओढल्याबरोबर डोळ्याचं पातं लवतंय तोवर सगळं बाहेर. इथं एक दोरी इकडची तिकडे झाली, तर तिथं माणूस गेला.

बावीस वर्षं ती हे करत होती. आणि बावीस वर्षांत तिची एकही छत्री आभाळात उघडली नव्हती.

ही चांगलीच गोष्ट होती. उघडली नाही म्हणजे कुणाला उडी मारावी लागली नाही. पण बाईच्या मनाला एक मुंगी चावत राहायची. बल्लवाला पान रिकामं झालेलं दिसतं. शिंप्याला झगा अंगावर दिसतो. हिनं एवढ्या घड्या घातल्या आणि चार महिन्यांनी आपल्याच हातानं मोडल्या. चाचणीच्या छत्र्या टाकायच्या त्या लांब कुठल्याशा कारखान्यात, आणि त्या बघायला गांडुळांना कोण नेतो? वाऱ्यानं भरलेली, टम्म फुगलेली, खाली माणूस तोलून धरलेली आपली एक छत्री एकदा तरी बघावी, एवढंच तिला वाटायचं. पण असं मागायचं तरी कसं? छत्री उघडावी म्हणणं म्हणजे कुणाचं तरी विमान पडावं म्हणणं. म्हणून ती हे कुणाला बोलायची नाही. नवरा जाऊन अकरा वर्षं झाली होती. घरात ती आणि सासूबाई. सासूबाईंना एकदा सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "अगं, मलाही वाटतं माझ्या मयताला किती माणसं येतात ते बघावं. काही हौशी मनातच ठेवायच्या असतात." आणि मग तिच्या अंबाड्यातली पेन्सिल उपसून काढत म्हणाल्या, "ही खोचायची सवय सोड. एक दिवस झारा खोचशील."

दुसऱ्या एका माणसाला हे ठाऊक होतं. कप्तानाला.

कप्तान दोन पंख्यांचं जुनं विमान चालवायचा. मिशा अशा, की पाखरं म्हणायची, दोन्ही पंखे बंद पडले तरी हा मिशांवर तरंगत खाली येईल. एकटा जीव. घरी वाट बघायला एक घड्याळ, तेही बंद. रोज सकाळी तो छत्री घ्यायला घडीबाईच्या खिडकीशी यायचा. छत्रीच्या खिशात एक कार्ड असतं. घडी घालणारीची सही, खाली नेणाऱ्याची सही. ती सही करता करता रोज एक टोमणा ठरलेला.

"बाई, आत खरंच छत्री आहे ना? का जुन्या चादरी कोंबल्यात?"

"चादरीच आहेत. तुमच्याच घरच्या, धुवायला टाकलेल्या."

"तरीच वास ओळखीचा वाटला."

"जसं नेताय तसं परत आणा. घडी मोडलीत तर याद राखा."

हे शेवटचं वाक्य ती रोज म्हणायची. दिवा लावताना हात जोडावेत तसं, सवयीनं, पण मनापासून.

एकदा, बऱ्याच वर्षांपूर्वी, कप्तानानं विचारलं होतं, "खरं सांगा बाई, तुमचा माल चालतो का?"

आणि तिच्या तोंडून निसटलं, "मला तरी कुठं माहीत? मी कधी उघडलेली बघितलीच नाही."

कप्तानाचं पेन कार्डावरच थांबलं. "एकदाही नाही?"

"नाही."

"बघायचीय?"

"बघायचीय," ती म्हणाली. मग घाईनं म्हणाली, "पण तुमच्या पाठीवरची नको."

त्या दिवशी कप्तान टोमणा मारायचा विसरला. नंतर तो विषय त्यानंही काढला नाही आणि तिनंही नाही.

दिवस कुणासाठी थांबतात? कप्तानाच्या डोळ्यांनी दगा दिला. डॉक्टरांनी तपासून कागदावर तारीख घातली: गुरुवारपर्यंत उडा, शुक्रवारपासून खुर्ची. गुरुवारी सकाळी एकच फेरी होती, टपाल आणि औषधं पोचवून परत यायचं. पण कप्तान आठवडाभर त्या फेरीची वाट बघत होता. जाताना नदीच्या वळणावरनं जायचं, त्यानं नकाशेबुवाला बजावलं होतं. तिथं सकाळच्या उन्हात नदी अशी दिसते की जणू कुणी चांदीचा करदोटा विसरून गेलंय. हे एकदा शेवटचं बघायचं होतं त्याला.

बुधवारी चहाच्या खोलीत पान्हेमामा म्हणाले, "चला, परवापासून तुम्हीही गांडूळ. इकडच्या बाकावर जागा करतो."

"तुमच्या बाकाचा एक पाय लंगडा आहे, मामा."

"तो तुमच्याच कुठल्या तरी पाखरानं उतरताना मोडला असेल."

सगळे हसले. कप्तानही हसला, पण मिशांपुरताच. घडीबाईच्या ते नजरेतून सुटलं नाही.

गुरुवारी सकाळपासूनच वारा होता. साधासुधा नव्हे. कावळे उलटे उडत होते आणि नाइलाजानं तसेच चाललो म्हणून सांगत होते. टॉवरवरून निरोप आला, वारा वाढतोय, साडेनऊपर्यंत धावपट्टी चालू, नंतर बंद. घडीबाईनं पहाटे येऊन दोन छत्र्या नव्यानं बांधल्या होत्या, एक कप्तानाची, एक नकाशेबुवाची. शेवटची फेरी म्हणून तिनं कप्तानाच्या छत्रीची एकेक निरी दोनदा हातानं सारखी केली होती.

खिडकीशी कप्तान आला. सही केली. टोमणा काही सुचेना.

"आज चादरी बदलल्यात," मग तीच म्हणाली.

"कळलं. हलकी लागतेय."

"जसं नेताय तसं..." आणि तिनं त्याच्या छत्रीचा पट्टा उगाच सारखा केला. तो मान डोलावून गेला.

ती आत येऊन आवराआवर करायला लागली. भिंतीवर एक फळी होती. तिच्यावर प्रत्येक हत्याराचा आकार रंगवलेला, कात्री, चिमटा, वजनाच्या पिशव्या, सुया. जागचं हत्यार जाग्यावर लावलं की आकार झाकायचा. एखादा आकार उघडा राहिला की समजायचं, काहीतरी बाहेर राहिलंय. आज एक उघडा होता. वीतभर लांबीचा पोलादी हूक, दोऱ्या फासातून ओढायचा.

टेबलाखाली बघितलं. एप्रनचे खिसे उलटे केले. केराची बादली पालथी घातली. हूक नाही.

नियम साधा होता आणि तिनंच नव्या बायकांना तो बावीस वर्षं घोकून घेतला होता: हत्यार सापडलं नाही, तर त्या दिवशी बांधलेली प्रत्येक छत्री परत. घडीत हूक राहिला तर कापड टरकावून काढेल, नाहीतर दोऱ्या अडकवून बसेल. बाहेर इंजिनं घरघरायला लागली होती. विमान धावपट्टीकडे निघालं होतं.

एक क्षण, फक्त एक, तिच्या मनात आलं, असेल इथंच कुठं तरी. बावीस वर्षांत कधी लागली का छत्री? आजच लागणार आहे? त्या माणसाची शेवटची फेरी आहे. नदी बघायचीय त्याला.

मग तिनं फोन उचलला. "टॉवर, दोन पंख्यांचं थांबवा. माझ्याकडचा एक हूक सापडत नाही. छत्रीत असेल."

विमान धावपट्टीच्या तोंडाशी थांबलं. खालच्यांनी पाखरांना ऐन उडताना थांबवावं, हे त्या तळावर आजवर घडलं नव्हतं. बघता बघता सगळे गोळा झाले. पान्हेमामांनी टोपी डोळ्यांवर ओढून घेतली. नकाशेबुवा खाली उतरला, दोन्ही हात कमरेवर ठेवून इकडंतिकडं बघितलं आणि म्हणाला, "काय हो, हे कुठलं गाव?" त्यानं तो दिवस किती वर्षं पोटात ठेवला होता बघा.

मागून कप्तान उतरला. घडीबाई वाऱ्यात धावत त्याच्यापर्यंत गेली. तिला त्याच्या तोंडाकडे बघवेना.

"काढा ती," ती म्हणाली. "टेबलावर नेऊन उघडते. दुसऱ्या दोन जुन्या तयार आहेत, त्या घेऊन जा लगेच. वेळ आहे अजून. चूक माझी आहे, शिव्या नंतर द्या."

कप्तानानं तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. मग तिच्या डोक्याकडे बघितलं, आणि जरा वेळ बघतच राहिला. तिला वाटलं, वाऱ्यानं केस विस्कटलेत, भूत दिसत असेन. मग त्यानं धावपट्टीकडे बघितलं. खांबावरची वारा दाखवणारी कापडी नळी आडवी ताठ झाली होती. पाखरांना वारा बरोबर कळतो. आता निघालो तर निघालो, दहा मिनिटांनी नाही.

"टेबलावर कशाला?" तो म्हणाला. "इथंच उघडू."

"अहो, काहीतरीच काय. जा तुम्ही, मी बघते."

"बाई, तीस पावलं मागं सरा. आणि डोळे मिटू नका."

तो गवतात गेला. वाऱ्याकडे तोंड करून, पाय रोवून उभा राहिला. आणि त्यानं मूठ ओढली.

आधी एक छोटी छत्री सुटली, पिंजऱ्यातनं चिमणी सुटावी तशी. मग तिच्या मागून सगळं कापड सरसरत गेलं, तिनं पहाटे घातलेली एकेक निरी, एकामागून एक, कुठं अडलं नाही, कुठं गुंतलं नाही. वाऱ्यानं ते आत घेतलं. एकदा फडफडलं, दोनदा फडफडलं, आणि मग ढोलावर थाप पडावी तसा आवाज झाला आणि ती उघडली.

घडीबाईनं ती छत्री कित्येक वेळा हाताळली होती. टेबलावर आडवी, छताला उलटी, सुकलेली, मुकी. ही कुणी दुसरीच होती. पांढरीशुभ्र, गोल, श्वास रोखून धरल्यासारखी. उजेड तिच्या आत शिरला होता आणि प्रत्येक शिवण हाताच्या शिरेसारखी दिसत होती. सगळ्या दोऱ्या ताठ, सारख्या, आणि त्यांच्या टोकाला तो माणूस. आपण केलेलं त्यानं तोललेलं, आणि आपण केलेल्यानं तो तोललेला. ती तोंडावर हात ठेवून उभी राहिली.

अर्थात हे सगळं जितक्या वेळात सांगितलं त्याच्या निम्म्यातच कप्तान पाठीवर पडला आणि छत्री त्याला गवतातनं फरफटत घेऊन निघाली. पान्हेमामा शपथेवर सांगतात की तो दोन शेतं ओलांडून गेला. नकाशेबुवा म्हणतो, वाटेत एका गायीनं त्याला रस्ता दिला. गाय तिथं नव्हती, पण असती तर दिला असता. पाखरं धावली, गांडुळं धावली, ज्याच्या हाताला जे लागलं ते त्यानं धरलं, आणि घडीबाई भानावर येऊन मागून ओरडत होती, "खालच्या दोऱ्या ओढा. वरच्या नव्हे, खालच्या." शेवटी छत्री शांत झाली. तिच्यावर चार माणसं बसली होती, दोन इकडची, दोन तिकडची, आणि सगळी खोकत हसत होती.

घडीबाई गुडघ्यांवर बसून कापड चाचपायला लागली. कडेकडेनं, दोरीदोरीनं, पिशवीच्या कोपऱ्यांत. हूक नव्हता.

"नाहीये," ती रडकुंडीला येऊन म्हणाली. "आता नकाशेबुवांची उघडा."

कप्तान गवतात उठून बसला होता. एका मिशीत गवताची काडी. "बाई," तो म्हणाला, "अंबाडा बघा."

तिनं हात मागं नेला. हूक तिथं होता. दोन्ही हातांत दोऱ्या असताना पेन्सिलीसारखा खोचलेला.

मग जो हशा झाला त्यानं वाराही क्षणभर थबकला असेल. नकाशेबुवा म्हणाला, काखेत कळसा ऐकलं होतं, हा डोक्यावर. तो फळ्याकडे पळालासुद्धा. पण घडीबाई हसली नाही. ती हूक हातात धरून कप्तानाकडे बघत होती.

"तुम्हाला कधी दिसला?"

"खाली उतरल्याबरोबर."

"मग बोलला का नाहीत? बोलला असतात तर तेव्हाच..." तिनं धावपट्टीकडे हात केला. टॉवरवर लाल दिवा लागला होता, धावपट्टी बंद. "गेला असतात की हो. तुमची नदी."

कप्तानानं मिशीतली काडी काढली. "बावीस वर्षं सह्या करतोय," तो म्हणाला. "माल काय आहे ते एकदा बघू म्हटलं."

"माझ्यासाठी का..."

"छे. चादरी आहेत का छत्री, पैजच होती माझी मनाशी."

तिनं कार्ड काढलं. त्यावर एक रकाना असतो, उघडण्याचं कारण. आजवर तिनं तिथं एकच लिहिलं होतं: मुदत संपली. आता पेन्सिल हातात घेऊन ती थांबली. "काय लिहू?"

"लिहा, वापरली," कप्तान म्हणाला.

तिनं लिहिलं. खाली त्यानं सही केली.

चहाच्या खोलीत पाखरांच्या नावावर नकाशेबुवानं एक रेघ ओढून ठेवली होती. सगळे गेल्यावर घडीबाईनं तिच्या शेजारी आणखी एक ओढली, जरा लांब. ती कशाबद्दलची, ते पान्हेमामांनी पुष्कळ विचारलं. तिनं सांगितलं नाही.

संध्याकाळी घरी सासूबाईंनी अंबाडा सोडता सोडता विचारलं, "मग, झालं ना मनासारखं? गेली मुंगी?"

"नाही हो," ती म्हणाली. "आधी नुसतं वाटायचं. आता डोळ्यांपुढून हलतच नाही."

"आणि तो मिशीवाला?"

"त्याची नदी राहिली ना."

सासूबाईंनी केसांत फणी घातली आणि बराच वेळ फिरवत राहिल्या. "मग दोघांचंही राहिलंच म्हणायचं," त्या म्हणाल्या, आणि त्या का हसल्या ते सुनेला दिसलं नाही.

शुक्रवारी घडीबाईनं ती छत्री उंच खोलीत टांगली. अजून गवताचा वास येत होता. दारात कुणीतरी उभं राहिलं. कप्तान होता. साध्या सदऱ्यात, अंगावर उडायचा वेष नाही, हात कुठं ठेवावेत ते कळेना. पाखरांच्या बाकावर बसायला धीर झाला नसेल, गांडुळांच्या बाकावर मन झालं नसेल.

तो आत आला आणि लोंबत्या छत्रीच्या बरोबर खाली जाऊन वर बघायला लागला. "काल मी उताणा घसरत गेलो ना, तेव्हा अशी दिसत होती," तो म्हणाला. "आतून."

घडीबाई त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली. तिनंही मान वर केली. खिडकीतनं झुळूक आली आणि कापड जरा फुगलं, जरा बसलं. छपरावरनं दोन पंख्यांचं विमान गेलं. कप्तानानं न बघताच सांगितलं, "डावं इंजिन खोकतंय. मामांना सांगा." आणि ते लांब जाईपर्यंत तो तसाच ऐकत राहिला. कालचं टपाल आणि औषधं घेऊन नदीच्या बाजूला चाललं होतं.

आवाज संपला.

मग तिनं दोऱ्यांचा जुडगा सोडवून त्याच्या हातात दिला. "धरा," ती म्हणाली. "इथं रिकाम्या हातानं उभं राहायचं नसतं. आणि गुंता केलात तर याद राखा."